गवराबाई आणि माळकरी असुर

गवराबाईचं नाव तिच्या आईबापांनी गौरीवरून ठेवलं होतं. रहाटणी गावाची मात्र ठाम समजूत होती की ते गवरीवरून ठेवलेलं आहे. गावाचं तरी काय चुकलं? बाई दिसायची ती एक तर डोक्यावर शेणाची पाटी घेऊन, नाही तर भिंतीवर गवऱ्या थापताना. तिच्या घराची भिंत मातीची होती असं जुनी माणसं सांगत, पण ती माती कुणी बऱ्याच दिवसांत पाहिलेली नव्हती.

नवरा गेल्यावर गावची गुरं वळायचं काम तिच्याकडे आलं. त्या कामाचे दोन कायदे होते. पहिला शेणाचा. रानात पडेल ते शेण गवराबाईचं, गोठ्यात पडेल ते मालकाचं. काही गुरं इतकी इमानी असत की दिवसभर दम धरत आणि संध्याकाळी मालकाच्या दारात जाऊनच मोकळी होत. अशा गुरांना गवराबाई 'सरकारी' म्हणायची आणि त्यांना चरायला जरा उशिरानेच चांगल्या जागी न्यायची. दुसरा कायदा वेशीचा. सकाळी वेशीतून गुरं बाहेर पडली की ती तिची. संध्याकाळी वेशीत आणून सोडली की ज्याची त्याची. तिथून पुढे गाय आपलं घर आपण शोधते. तेवढी अक्कल गाईला असते, सगळ्या घरधन्यांना असतेच असं नाही, हे मत गवराबाईचं.

येताना ती गुरांच्या पुढे चालायची. बाकीचे गुराखी मागून हाकतात, ही पुढून बोलावते. 'ह्योऽ हो' अशी हाळी दिली की पवनेच्या काठावर पांगलेली गुरं माना उचलत आणि तिच्या पाठीमागे लागत. डोक्यावर भरलेली पाटी, त्यामुळे मान वळवायची सोय नाही. पाठीमागे खुरांचा आवाज आहे म्हणजे गुरं आहेत, असा तिचा हिशोब. इतकी वर्षं तो कधी चुकला नव्हता.

तिच्या शेजारच्या खोलीत मालोजी मास्तर राहायला आले, ते साल पंचावन्नच्या आसपासचं. पलीकडे पिंपरीला औषधाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता, त्यामुळे बाहेरगावची माणसं दिसायची गावाला सवय होत होती. पण मास्तर कारखान्यात नव्हते, शाळेत होते. बीडकडचे. बोलताना 'करायलेत', 'जायलेत' म्हणायचे, आणि रहाटणीतली पोरं ते ऐकायला शाळेत वेळेवर यायची. मास्तरांना सृष्टिविज्ञानाचं वेड. पुण्याला गेले की जुन्या बाजारातून इंग्रजी मासिकं उचलून आणत. त्यातल्या एका मासिकात एक पानभर चित्र होतं, आणि त्या चित्रानं गावात दोन तट पाडले.

चित्र अमेरिकेतल्या एका नदीचं होतं. पाणी आटलेलं, तळाचा खडक उघडा पडलेला, आणि खडकावर पावलांचे ठसे. मास्तरांनी ते पारावर पसरून दाखवलं.

"ह्यांना म्हणतात डायनोसॉर."

"कोण असुर?" गेनूनं विचारलं. गेनू हा गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या म्हशीचा मालक, आणि तिच्याइतकाच निवांत.

"असुर नव्हं हो. सॉर."

"तेच की. भस्मासुर, बकासुर, तसा ह्यो डायनासुर. कुठल्या देवानं मारला?"

"कुठल्याच नाही. आपोआप गेले सगळे. माणूस जन्मायच्या लई आधी."

"आपोआप मरंल त्यो कसला असुर," गेनू म्हणाला आणि त्याचा रस गेला.

मास्तरांनी चिकाटी सोडली नाही. हे लांब मानेचे, लांब शेपटीचे, चार पायांवर चालणारे. दहाबारा हत्ती एकावर एक ठेवा, तेवढं वजन. पण स्वभावानं गरीब. झाडपाला खायचे, मांसाला शिवायचे नाहीत.

"म्हंजे माळकरी," धर्माजी म्हणाला. त्याच्या स्वतःच्या गळ्यात आळंदीला घातलेली माळ होती, त्यामुळे त्याचा शब्द मान्य झाला. तेव्हापासून रहाटणीत त्या प्राण्याचं नाव माळकरी असुर.

चिखलातून चालले, चिखल वाळला, त्यावर गाळ बसला, आणि युगं लोटल्यावर सगळ्याचा दगड झाला, असं मास्तर सांगत होते. मोठा ठसा परातीएवढा, लहान ताटलीएवढा. शेपूट फरफटल्याची रेघ कुठं नाही, म्हणजे शेपूट वर उचलून चालत असणार. सगळ्या पावलांची तोंडं एकीकडे, आणि जिथं एक वळलाय तिथं बाकीचेही वळलेत. म्हणजे आज एक आणि पुढच्या महिन्यात एक असे येऊन गेलेले नाहीत. कळपच होता.

"आणि बघा कसं," मास्तर म्हणाले, "लहान ठसे मधे हायेत, मोठे दोन्ही कडेला. पिल्लांना मधे घेऊन चालायचे. आहे का नाही माया?"

गवराबाई गुरं सोडून घराकडे चालली होती. ती पाटीसकट थांबली. पाटीमुळे वाकता येईना, म्हणून मास्तरांनी मासिक उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरलं. तिनं ते चित्र बराच वेळ बघितलं.

"मधी न्हाई," ती म्हणाली. "मागं."

"काय मागं?"

"बारकी. एका पायाची परात सांगता न्हवं? मंग मधी घेतलं तर चेंगरूनच मरंल की. बारकं मागं ऱ्हातं. वाटंत कायबाय हुंगतं, हुबं ऱ्हातं, मंग पळत येतं."

"आणि मागून वाघ आला तर? तवा मांस खाणारेबी होते."

"वाघ आला तर मधी घेत्यात. पर रोज कुठं वाघ येतोय?"

मास्तरांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. त्या दिवशी वाघ आला होता की नाही, हे चित्रावरून सांगता येत नव्हतं. "एक गोष्ट बघावी लागंल," ते म्हणाले. "कुणाचं पाऊल कुणाच्या पावलावर पडलंय. जे वर, ते मागून आलेलं. पण छपाई अशी हाय, की वर काय आणि खाली काय ते कळंना झालंय."

त्या दिवसापासून वाद सुरू झाला. मास्तर भिंगातून चित्र बघत आणि भिंतीपलीकडून म्हणत, "मधे हायेत बरं का बाई." इकडून गवरी थापल्याचा आवाज आणि उत्तर, "मागं." गावातही तट पडले. गेनू मागंवाला होता, कारण त्याची म्हैस जन्मभर सगळ्यांच्या मागंच चालत आलेली. धर्माजी मधेवाला. मुकादमानं शिकलेल्या माणसाच्या बाजूनं असावं, असं त्याला वाटे.

धर्माजी नुकताच मुकादम झाला होता. गावाच्या शिवेतून कुठल्याशा कामाचे पाण्याचे मोठे नळ चालले होते, त्यांच्या खोदाईवर. मुकादम झाल्यावर त्यानं घराला फाटक केलं. रहाटणीत तोवर कुणाला फाटक नव्हतं. अंगणात कोण येतं याची कुणाला धास्तीच नव्हती. पण धर्माजीकडे आता विजार घातलेली माणसं यायची. त्यांच्यासमोर शेजाऱ्याची शेळी अंगणात येऊन उभी राहते हे बरं दिसेना. सागवानी फळ्या, लोखंडी कडी. दिवस मावळायच्या आत कडी लागलीच पाहिजे, असा बायकोला हुकूम.

त्याच दिवाळीत त्यानं आपली दुभती गाय वाकडला मेव्हण्याला दिली. घरी उरली तिची कालवड, मैना. तिच्या पुढच्या डाव्या पायाचा खूर जन्मतःच फाकलेला. गाय पोचवायला नेली तेव्हा मैना वाकडपर्यंत मागोमाग गेली, आणि परत आणताना दोघांना ओढावी लागली.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले असतील. एका संध्याकाळी गवराबाई भिंतीशी बसली होती, तेव्हा धर्माजी दारात येऊन उभा राहिला.

"मैना कुठाय?"

"कुठाय म्हंजे? गेली की घरी."

"घरी न्हाई आली."

गवराबाई शेणाचे हात तसेच घेऊन उठली. दोघं वेशीपर्यंत जाऊन आली, निवडुंगाच्या कुंपणाकडेनं हाका मारून आली. मैना नव्हती. तोवर दारात चार माणसं जमली होती.

"गवराआक्का, तू तिला वेशीत बघितलीस का?" धर्माजीनं विचारलं.

"डोक्यावर पाटी व्हती. मान कशी वळवू?"

"म्हंजे न्हाई बघितली."

"न्हाई."

इथं एक 'व्हय' म्हणाली असती तर गोष्ट मिटली असती. तिच्या शब्दावर कुणी शंका घेतली नसती. शेणाच्या बाबतीत गवराबाई थोडंफार इकडचं तिकडं करी, सरकारी गाईंनी रानातच शेण टाकावं म्हणून त्यांच्या पाठीवर मुद्दाम थापही मारी. पण गुराच्या बाबतीत खोटं तिच्या तोंडातून येईना.

"मंग गुरं वळतीयास का नुसतीच पुढं चालतीयास?" धर्माजी म्हणाला. तो रागानं नाही बोलला, मुकादमाच्या सुरात बोलला. ते जास्त लागतं. "चिखलीचा एक गडी कवापास्नं मागं लागलाय, गावची गुरं मला द्या म्हून. मैना काठावरच ऱ्हायली आसंल तर उद्यापास्नं त्याला बोलवावं म्हणतो म्या. सकाळी वेशीत ठरवू. तवर कुणी गुरं सोडू नका."

गुरं गेली तर गवराबाईकडे काय राहतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक भिंत आणि तिच्यावरच्या गवऱ्या.

सकाळी मालोजी मास्तर अंघोळीला नदीवर निघाले. नदीकडून वेशीकडे येणारी वाट एकच, दोन्ही बाजूंनी निवडुंग. आदल्या दिवशी दुपारी, गुरं रानात असताना, खोदाईवाल्यांनी नळातून पाणी सोडून बघितलं होतं. ते पाणी वाटेवर पसरून एका टप्प्यात गुळगुळीत चिखल झाला होता, सारवल्यासारखा. आता तो वरून वाळू लागला होता. माणसं चपला हातात घेऊन कडेकडेनं गेलेली. मधला सगळा भाग खुरांच्या ठशांनी भरलेला.

मास्तर तिथं थांबले. खांद्यावर पंचा, हातात तांब्या. मग त्यांनी बाभळीच्या काट्या ओढून आणल्या, दोन्ही बाजूंना आडव्या टाकल्या आणि स्वतः मधे उभे राहिले. पाण्याला निघालेल्या बायका खोळंबल्या.

"मास्तर, काय सांडलंय का?"

"सांडलं नाही. सापडलंय. कुणी पाय टाकू नका. गवराबाईला बोलवा, धर्माजीलाबी बोलवा."

सगळी वेसच तिथं आली. गवराबाईचा चेहरा रात्रभर झोप नसल्यासारखा होता. तिनं चिखलाकडे बघितलं, आणि पहिल्यांदा तिला आपलंच पाऊल दिसलं. अनवाणी, खोल रुतलेलं, अंगठा घट्ट दाबलेला. डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्याचं पाऊल. त्या पावलांवर गुरांचे खूर पडलेले.

"ह्या तुम्ही, पुढं," मास्तर म्हणाले. "आणि ही गुरं, मागनं. सगळ्यांची तोंडं गावाकडं. इथं खोदाईवाल्यांनी रचलेली नळांची चळत आडवी आली, तिथं तुम्ही उजवीकडनं वळसा घेतला, गुरांनीबी उजवीकडनंच. अगदी त्या चित्रावानी."

"चित्र ऱ्हाऊ द्या मास्तर," धर्माजी म्हणाला. "मैना बघा."

गवराबाई कडेनं वाकून चालू लागली. तिला खुरावरून गाय ओळखू येई, यात विशेष काही नाही. आपल्याला नाही का चपलांवरून घरी कोण पाहुणे आलेत ते कळत. चळतीच्या वळणापाशी ती थांबली आणि तिथंच उकिडवी बसली.

"ही बघा."

फाकलेला खूर धर्माजीलाही लगेच ओळखू आला. तो कपिली गाईच्या खुरावर पडला होता, पुढे तांबडी गाईच्याही. गवराबाईच्या तोंडावर एकदम उजेड आला. "मागंच हाय. बघा मास्तर, म्या काय म्हणत हुते? बारकं मागं ऱ्हातं."

मास्तरांनी मान डोलावली. पण धर्माजीनं तोच शब्द उचलला.

"मागं म्हंजे किती मागं? कळप गावात गेल्यावर आली आसंल एकटीच, अंधार पडल्यावर. वर पाऊल हाय म्हंजे मागनं आली, येवढंच खरं. कळपात होती कशावरनं?"

गवराबाईचा उजेड गेला. इतके महिने ज्या शब्दासाठी ती भांडली होती, तोच आता तिच्या गळ्याशी आला. तिनं पुन्हा ठशाकडे बघितलं. मागं ते मागं. ते काही तिला आता बदलता येईना.

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. फाकलेल्या खुराचे पुढचे ठसे ते एकेक बघत चालले, धोतराचा सोगा वर धरून. वाटेच्या टोकाशी, चिखल संपायच्या जरा आधी, ते गुडघ्यावर बसले.

"गेनूभाऊ, जरा इकडं या. हे कोण?"

मैनेचा खूर अर्धाच दिसत होता. त्याच्या उरलेल्या अर्ध्यावर एक पसरट, थोराड ठसा पडला होता, आणि त्याच्या मागे पाय ओढल्याची लांब खरड.

गेनूला वाकावं लागलं नाही. "माजी म्हातारी," तो म्हणाला. "पाय उचलायचा तिला कटाळा हाय."

"काल घरी कवा आली?"

"रोजच्या वख्ताला. गुरांच्या संगं, पर सगळ्यांच्या मागं. उजेड होता की. म्या दारातच बसलो हुतो."

मास्तर उठले. हात झाडले. "म्हणजे मैनेच्या आधी गाई," ते म्हणाले, "आणि मैनेच्या नंतर म्हैस. म्हैस उजेडी घरी आली. मग मैना कुठं होती?"

मग गवराबाईच बोलली, अगदी हळू.

"मधी."

"मधे," मास्तर म्हणाले.

"पर मागं."

"मागं. पण मधे."

एवढ्या महिन्यांचा वाद तिथं, त्या चिखलाच्या काठावर, दोघांच्याही बाजूनं सुटला. मागंवाल्यांना आणि मधेवाल्यांना एकाच वेळी जिंकल्यासारखं वाटलं.

धर्माजी ठशाकडे बघत उभा होता. "म्हंजे वेशीत आली," तो म्हणाला.

"आली."

"मंग घरी का न्हाई आली?"

हा प्रश्न घेऊन सगळे त्याच्या घरी गेले. दारात त्याची बायको शालनबाई उभी होती. फाटकाबाहेरची जागा तिनं आदल्या दुपारीच सारवली होती, मुकादमाच्या घराला शोभेल अशी. त्या सारवणात, फाटकाकडे तोंड करून, फाकलेला खूर होता. एक नाही, बरेच. जागच्या जागी पाय बदलत कुणी खूप वेळ उभं राहावं तसे. मग एक वळण, आणि वाकडच्या रस्त्याकडे गेलेले.

"अवं, दिवस मावळायच्या आत कडी लावायची, तुमीच सांगितलं होतं. काल सारवल्यावर जरा लवकरच लावली," शालनबाई म्हणाली. "ती हंबरली आसती तर काढली आसती. तिची आई हंबरायची. हिला कुठं ठावं हाय."

धर्माजीनं फाटकाकडे बघितलं. फाटक फार सुरेख होतं.

वाकडला जायला फार वेळ लागला नाही. मेव्हणा बबनराव ओसरीवरच होता. मैना आईला चिकटून उभी होती, तिच्या कपाळावर कुंकू होतं आणि पुढ्यात पेंड.

"या दाजी," बबनराव मनापासून म्हणाला. "म्या म्हणलं, भाऊबीजेला भावानं द्यावं ते आमच्या दाजींनीच दिलं. आदी गाय दिली, आता मागनं कालवड. अशी उलटी ओवाळणी आख्ख्या मावळात कुणी दिली नसंल."

धर्माजीनं 'कालवड चुकून आली' हे चार वेळा सांगायचा प्रयत्न केला म्हणतात. शेवटी चहा पिऊन मैनेला घेऊन आला. गाय मात्र थोड्या दिवसांनी परत आणली. मेव्हण्याला काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीत गुरं जमली. चिखलीच्या गड्याचं नाव कुणी काढलं नाही. धर्माजी स्वतः मैनेला घेऊन आला आणि तिला कळपात सोडून कामावर गेला. संध्याकाळी मात्र, गवराबाई रानात पाटी भरून कुणाची तरी वाट बघत उभी होती, कारण भरलेली पाटी एकट्यानं डोक्यावर जात नाही, तेव्हा कामावरून परतणारा धर्माजी वाट सोडून तिच्याकडे आला. त्यानं पाटीला हात लावला. पाटी ओली होती. मुकादमाच्या पांढऱ्या सदऱ्यावर जे उमटायचं ते उमटलं.

"चल," तो म्हणाला.

"तुमी व्हा पुढं," गवराबाई म्हणाली. "म्या आता मागनं येते."

तेव्हापासून ती गुरांच्या मागे चालू लागली. हाळी तीच, पण मागून. गुरांना पहिल्यांदा ते पटलं नाही. कपिली दर दहा पावलांवर वळून बघायची, बाई आहे ना म्हणून. मग सवय झाली. धर्माजीच्या फाटकाची कडी संध्याकाळी काढलेली असायची. शेजाऱ्याची शेळी अंगणात येऊन विजारवाल्यांकडे बघत उभी राहायची. मास्तरांनी चिखलाचा एक वाळलेला तुकडा, गाय, मैना आणि म्हैस असा एकावर एक, पोरांना दाखवायला शाळेत नेऊन ठेवला. आठवडाभरात त्याची माती झाली. दगड व्हायला जरा जास्त वेळ लागतो, असं मास्तर म्हणाले.

एकदा भिंतीपलीकडून गवराबाईनंच विचारलं, "मास्तर, त्या चित्रात, माळकऱ्यांच्या मागं कुणाचं पाऊल हाय का?"

मास्तरांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं. "नाही हो बाई. त्यांच्या मागं कुणीच नाही."

गवरी थापल्याचा आवाज थांबला.

"म्हूनच गेली आसत्याल बिचारी," ती म्हणाली, आणि पुन्हा थापायला लागली.